पाल नरडाण्याला पोहोचली

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न एका पालीनं मोडलं. आमच्या घरात हे कुणी उघड म्हणत नसे. मी म्हणतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अमळनेरला वडिलांचं किराणा दुकान, मागे घर. नरडाण्याकडचा मुलगा अक्काला बघायला आला तेव्हा त्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला मी चालेन का?" आमच्याकडे मुलींना असलं कुणी विचारत नसे. अक्का तिथेच त्याची झाली.

सुपारी फोडायला संध्याकाळी बैठक भरली. मुलाचे वडील, आबा, सुपारी हातात घेऊन म्हणाले, "पोर आमले पसंत शे." आणि भिंतीवर पाल चुकचुकली. कुणीतरी जमिनीवर बोट वाजवून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. आबा पुन्हा बोलले, पाल पुन्हा चुकचुकली. मग आणखी एकदा. आबा सुपारी ताटात ठेवून वडिलांना म्हणाले, "आते ऱ्हाऊ द्या, नाना. देवले मंजूर नही." माझे वडील हात जोडून नुसते उभे. सगळ्यांनी चहा घेतला आणि गेले. 'मी चालेन का' विचारणारा मुलगाही मान खाली घालून गेला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. ती पाल मी पकडली. आपल्या घरातली पाल जाडजूड, पिवळ्या पोटाची, क्वचित बोलणारी. हिच्या शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी होत्या. ही दक्षिणेकडची, समुद्रकाठची. अक्काच्या सुपारीसाठी वडिलांनी तिकडून नारळ मागवले होते, त्यांच्या पोत्यांतून ती आली होती. दिवेलागणीला सारखं ओरडणं हा तिचा स्वभाव. 'ही भिंत माझी' एवढंच ती दुसऱ्या पालींना सांगत असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काही नाही.

बाटलीत पाल घालून मी नरडाण्याला गेलो. आबांनी पोटभर जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमनं खरं व्हई. पन आमना घर अशी पाल नही."

तेव्हापासून ही जात नरडाण्यापर्यंत कधी पोहोचते हे बघायला मी तिच्या मागे लागलो. रविवारी एसटी पकडायची, दिवे लागले की बाजारात, मालधक्क्यावर, धर्मशाळेत उभं राहून भिंतींकडे कान लावायचा. लोकांना वाटायचं, मास्तर बिघडला. आधी ती आमच्या गल्लीत पसरली, मग रेल्वेच्या मालधक्क्यावर सापडली. यावलला केळीच्या ट्रकांसोबत पोहोचली असावी. घरी आलो की पाल कुठवर पोहोचली, हे अक्का दारातच विचारायची, "कोठे लोंग गयी?"

दरम्यान त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. आणि आमच्या अक्काला 'पाल चुकचुकलेली पोर' हे नाव चिकटलं. स्थळं यायची, गावात चौकशी करायची आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायची. मी म्हटलं, आता हा उद्योग पुरे. ती म्हणाली, "बंद करू नको भाऊ. ती तठे, नरडाण्याले जाऊ दे. मंग तरी त्यासले समजी, मन्हा अंगमा काही खोट नव्हती." तिला नवरा नको होता आता. आपलं चुकलं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बऱ्याच वर्षांनी नरडाण्याला कारखान्यांची वसाहत झाली, बाहेरगावचे ट्रक यायला लागले. एका संध्याकाळी मी आबांच्या बैठकीत शिरलो, तर ट्यूबलाइटमागे तोच आवाज. आबा थकले होते. धाकट्या मुलीची सुपारी नुकतीच फुटल्याचं कौतुकानं सांगत होते. मध्येच पाल चुकचुकली. ते थांबलेसुद्धा नाहीत.

"आबा, ही पाल..." मी म्हटलं.

"हाई ते रोजच वरडस. आते कोन ध्यान देस?" मग जरा आठवून विचारलं, "तुमनी बहीन कोठे दिनी, मास्तर?"

मी चहा न घेता उठलो.

घरी अक्का मेथी निवडत बसली होती. केस कानामागे पांढरे झाले होते. माझ्या तोंडाकडे बघूनच तिनं ओळखलं. "उनी ना?"

"आली. बैठकीतच आहे."

"मंग आबासनी काय सांगं?"

"म्हणाले, रोजच ओरडते. आता कोण लक्ष देतं."

बहीण कुठे दिली, हा त्यांचा दुसरा प्रश्न मी गिळला. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"इतलंच?"

"इतकंच, अक्का."

इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी पदर तोंडात धरून रडली, आणि पालींची इतकी माहिती असलेला मी तिच्या शेजारी नुसता बसून राहिलो.