मंजुळाबाईंच्या नावाचा प्रवाळ

सोमेश्वर सानप आणि मी माजलगावच्या एकाच कॉलेजात शिकवतो. ते भूगर्भशास्त्र, मी रसायनशास्त्र. पुढचं सगळं मला त्यांनी स्वतः सांगितलं, तेही खाली मान घालून.

त्यांचं गाव शिरूर कासार. आईवडील दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि सोमेश्वर वसतिगृहात राहायचे. वडील वारल्यावरही आईनं, मंजुळाबाईंनी, सहा हंगाम कोयता धरला. पोरगा प्राध्यापक झाला तेव्हाच तो खाली ठेवला.

बीड जिल्ह्यात कुठंही खणलं तरी लाव्हाचा काळा खडक लागतो, त्यात जीवाश्म कुठले? म्हणून सोमेश्वर दिवाळीच्या सुट्टीत कच्छला जायचे. ज्युरासिक काळातल्या समुद्रातले प्रवाळ तिथं उघड्यावर सापडतात. सोळा कोटी वर्षांपूर्वीचे, गाजराच्या बुडख्याएवढे. ते आडवे कापायचे, काचेवर चिकटवायचे आणि उजेड आरपार जाईल इतके पातळ घासायचे. सूक्ष्मदर्शकाखाली मग गाडीच्या चाकासारखं वर्तुळ दिसतं, कडेकडून मध्याकडं गेलेले पडदे दिसतात. पडदे किती, लांब किती, आखूड किती, त्यावरून जात ठरते.

एका जातीत दर दोन लांब पडद्यांमध्ये एक आखूड पडदा असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं. सोमेश्वरांच्या तीन नमुन्यांत आखूड पडदे नव्हतेच. नवी जात. त्यांनी वर्णन लिहायला घेतलं आणि घरी फोन करून सांगितलं, "माय, तुझं नाव देतोय एका प्रवाळाला."

शोधनिबंध पाठवायला आठ दिवस राहिले असताना त्यांनी चौथा नमुना कापला. अर्ध्या वर्तुळात आखूड पडदे नव्हते. उरलेल्या अर्ध्यात होते, स्वच्छ, ओळीनं. सोमेश्वरांना लगेच उमगलं. जीवाचा दगड होताना स्फटिक वाढले होते आणि त्यांनी नाजूक पडदे गिळून टाकले होते. जात जुनीच होती, फक्त खराब झालेली.

त्यांनी ती काच कागदात गुंडाळली, खणात तळाशी ठेवली आणि निबंधात लिहिलं, 'उपलब्ध नमुने तीन.'

निबंध छापून आला. शिरूरच्या शाळेत सत्कार झाला, मीही गेलो होतो. मंजुळाबाईंना बोला म्हटल्यावर त्या माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रेशनकार्डावर बी आमचं नाव कुनी नीट लिवलं न्हाई. सोमानं दगडाला दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमेश्वर जमिनीकडं बघत होते. आम्हाला वाटलं, माणूस विनयी आहे.

वर्षभरानं सायली नावाच्या एका संशोधक मुलीचा मेल आला. कच्छचे प्रवाळ कोणत्या थरात संपले यावर ती पीएचडी करत होती. आणखी नमुने आहेत का, असं तिनं विचारलं. सोमेश्वरांनी उत्तर दिलं, 'नाहीत.'

दीड वर्षानंतर तिनं प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला पाठवलं. खालच्या थरात जुनी जात, वरच्या थरात मंजुळाबाईंची, म्हणजे मधल्या काळात समुद्र बदलला, असं तिनं मांडलं होतं. सगळं प्रकरण त्या एका नावावर उभं. शेवटी सोमेश्वरांचे आभार मानलेले.

त्या दिवशी त्यांनी तास घेतले नाहीत. दुपारी तिला फोन लावला. "ती वेगळी जात नाही. चौथा नमुना होता माझ्याकडं. छापायच्या आधीपासून होता."

ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं."

एवढंच बोलली आणि तिनं फोन ठेवला.

सोमेश्वरांनी दुरुस्ती लिहिली. 'चौथा नमुना मी जाणूनबुजून वगळला,' हे वाक्य त्यात होतं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "नजरचूक म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं?" सोमेश्वर म्हणाले, "नजर चुकली नव्हती, सर." त्या वर्षी विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. स्टाफरूममध्ये ते आले की बोलणं थांबायचं. माझंही थांबायचं, हे इथं सांगायला हवं.

आईला सांगायला मात्र त्यांना महिना लागला. मंजुळाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सोमेश्वरांनी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्या सूप न थांबवता ऐकत राहिल्या.

"म्हंजी त्याला आधीच नाव हुतं?"

"व्हय."

"अन् तुला ते ठावं हुतं?"

"व्हय, माय."

"मंग कावून केलंस? म्या मागितलं हुतं का?"

सोमेश्वरांच्या मनात होतं की आईसाठीच केलं. ते तोंडावर आलं आणि खोटं आहे हे त्यांनाच कळलं. छापलेलं नाव तिचं असलं तरी मोठं व्हायचं होतं त्यांना.

"मला चार बायकांत उभं केलंस," मंजुळाबाई म्हणाल्या. "आता पुसतील तवा मीच सांगीन, न्हाई म्हनून. त्याचं काय न्हाई. त्या पोरीचं किती दिस वाया गेलं?"

"दीड वर्ष."

"तिच्याकडं जाऊन आलास?"

"फोन केला."

मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "फोन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवायला वाढलं, पण समोर बसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी सोमेश्वर सगळे नमुने पेटीत घालून सायलीच्या विद्यापीठात गेले. तिनं बसा म्हटलं, चहा विचारला नाही. ते म्हणाले, "सगळं पहिल्यापासून मोजू. मी घासून देतो, तुम्ही बघा." अकरा रविवार ते एसटीनं जात राहिले. त्यांचे आणि तिचे नमुने मिळून एकशेचाळीस काचा झाल्या. प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. पडदे गळालेले प्रवाळ कसे ओळखायचे, हा त्याचा विषय. ते चांगलं झालं, असं जाणकार म्हणतात.

आभारांत त्यांचं नाव नको, असं त्यांनीच सांगितलं होतं. तिनं खरंच घातलं नाही. मला हे सांगताना सोमेश्वर म्हणाले, "बरोबर केलं तिनं," आणि चष्मा पुसत बसले.