व्याह्यांच्या तीन पिशव्या

या, असे जवळ सरकून बसा. दारात उभं राहून गोष्ट ऐकायची ही कुठली पद्धत? आणि परवा म्हणे तुम्ही एकटेच गडावर जाऊन आलात, घरात कुणाला पत्ता नाही. खिशात मोबाईल आहे म्हणजे पाठीशी देव आहे, असं तुम्हा लोकांना वाटतं. म्हणून आज तुम्हाला आमच्या व्याह्यांचं सांगते. संकटाची इतकी जय्यत तयारी केलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही, आणि संकटानं इतकी वर्षं ज्याला चुकवलं असाही दुसरा नाही.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहतात कसबा बावड्यात. जन्म सगळा साखर कारखान्यात बॉयलरवर गेला. तो धडधडाट ऐकून कान असे भरले, की निवृत्त झाल्यावर घरात मिक्सर लागला तरी हे उठून उभे राहायचे. डोक्यातला आवाज जावा म्हणून ते रानात जायला लागले. एकटेच. सोबत माणूस नेला की तो बोलतो, आणि मग रानात जाऊन उपयोग काय? "ईनबाई," ते मला म्हणतात, विहीणबाई म्हणण्याइतकी त्यांना सवड नसते, "रानात गेलं की कान धुतल्यागत वाटतंय बघा." पण माणूस पडला बॉयलरवरचा. "अजून फुटला न्हाई म्हंजे फुटणार न्हाई, असं न्हवं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते बॉयलरला लागू, रानाला लागू, आणि आमच्याकडे जेवायला आले की माझ्या कुकरलाही लागू.

तर त्यांच्या पिशव्या तीन. एक पाठीवर, एक कमरेला, आणि तिसरी पाठीवरच्या पिशवीच्या पोटात, पहिल्या दोन्ही हरवल्या तर म्हणून. ती हरवलेल्या पिशवीतच असते हे मी एकदा दाखवून दिलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. आत दोरी, शिट्टी, आरसा, हळद, मेणात बुडवलेल्या काड्या, जळवांसाठी चुना-तंबाखू, प्लॅस्टिकचा कागद, गूळ आणि भडंग. मोबाईलही असतो, पण बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून. संकटाच्या वेळी बॅटरी भरलेली पाहिजे ना. संकटातला भडंग आधी खायचा नाही असा नियम, त्यामुळं तो प्रत्येक वेळी तसाच परत येतो, मऊ पडतो आणि आमच्या घरी पोचतो. आमच्या घरानं इतका आपत्कालीन भडंग खाल्लाय, की ताजा कुरकुरीत खाल्ला तर आता आम्हाला तो कच्चा लागतो.

आपण कसल्या घराशी सोयरीक केली हे मला लग्नातच कळलं होतं. ऐन अक्षतांच्या वेळी मांडवातले दिवे गेले. जनरेटरवाला चहाला गेलेला. सगळे "अरे बघा, अरे बघा" करतायत, तोवर वधूपित्यानं कोटाच्या एका खिशातून बॅटरी काढली, दुसऱ्यातून मेणबत्ती काढली, आणि वाकून मोज्यातून काडेपेटी. चेहऱ्यावर असं समाधान, की दिवे यांनीच घालवले की काय असं आमच्याकडच्या काही बायकांना आजही वाटतं. पुढं एकदा आरशाची चाचणी घ्यायला आमच्या शाहूपुरीतल्या गच्चीवर चढले. उन्हात आरसा धरून लांब खूण करता येते म्हणे. ती तिरीप गेली थेट समोरच्या घराच्या स्वयंपाकघरात. समोरच्या काकू लाटण्यासकट गॅलरीत आल्या. "आजोबा, केस पिकलं की वो. सुना-लेकी हाईत आमच्यात." व्याह्यांना राग ना लाज. ते एवढंच म्हणाले, "दिसलं न्हवं? मग झालं." आणि आरसा पुसून पिशवीत ठेवला. पुढं महिनाभर मी त्या काकूंची समजूत काढत होते.

आता एक आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळी गोम तिच्यात आहे. घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, काम फिसकटतं. फार तर "लांब काय?" म्हणायचं. त्यानंही "न्हाई, हितंच" म्हणायचं, आणि चालू लागायचं. व्याही ही रीत बॉयलरच्या नियमासारखी पाळतात. शेजारच्या नव्या भाडेकरूनं एकदा भाबडेपणानं "कुठं निघालात?" विचारलं, तर हे माघारी फिरले, बूट काढले, बसले, गूळ खाऊन पाणी प्याले आणि नव्यानं निघाले. तोवर एसटी गेली होती. भाजीला निघाले तरी हितंच, आणि घाटाच्या तोंडाशी निघाले तरी हितंच.

गेल्या श्रावणात ते असेच हितंच गेले. एरवी परतताना दिवेलागणीपर्यंत स्टँडवरच्या दुकानातून लेकीला फोन यायचा, तो आला नाही. सुनेनं लावून बघितला, बंद. तो तर कायमच बंद. माझ्या पोरानं पोलिसांना फोन केला. तिकडून साधा प्रश्न आला, "कुठल्या बाजूला गेलेत?" सुनेनं फोन घेतला आणि म्हणाली, "हितंच म्हणाले." तिकडचा माणूस म्हणाला, "ताई, हितंच म्हंजे कुठं?" जळू लागली तर काय, साप निघाला तर काय, सगळ्याची तयारी होती, पण माणूस शोधायचा कुठल्या दिशेला हे एकालाही माहीत नव्हतं. एक भाऊबंद पन्हाळ्याकडं गेला, एक राधानगरीकडं, पोरगा गगनबावड्याकडं. सून ओट्याशी उभी. पाऊस लागलेला. ती म्हणाली, "आई, मी लेक हाय त्यांची. मी तरी विचारायचं हुतं." मी म्हटलं, "विचारायचं नसतं बाई." पण म्हणताना माझाच आवाज मला पोकळ लागला.

सकाळी दुधाच्या टेम्पोतून व्याही उतरले. पायाला छत्रीच्या काड्यांची पट्टी, अगदी डॉक्टरनं बांधल्यासारखी. सुनेनं त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला, आणि मगच तोंड उघडलं. "शिट्टी हुती न्हवं आबा? वाजवली न्हाई?"

"वाजवली की," व्याही म्हणाले. "तिथंच चुकलं."

गगनबावड्याकडच्या एका ओघळीत पाय घसरला, घोटा मुरगळला. मोबाईल पिशव्यांतून काढला तर त्याला रेंज नाही, म्हणून नियमाप्रमाणं त्यांनी शिट्टी फुंकली. खाली लाकडं गोळा करणाऱ्या बायका होत्या. त्यांना वाटलं जंगल खात्याचा साहेब आला. मोळ्या टाकून त्या पळाल्या. यांनी आणखी जोरात फुंकली. मग गुराखीही गुरं घेऊन पांगले. "ईनबाई, जितकी फुंकीन तितकं रान रिकामं व्हायला लागलं." शेवटी शिट्टी फेकली आणि मोकळ्या गळ्यानं ओरडले, "अरं कोण हाय का तिकडं? तंबाखू घ्या की." तर हाताच्या अंतरावरच्या करवंदीच्या जाळीतून लाकडं गोळा करणारे दोघं गडी बाहेर आले. कधीपासून दडून बसले होते. आधी तंबाखू मळली, मग पाय बघितला. "पावणं, आधीच बोलायचं न्हाई व्हय? आमी म्हटलं साहेब हाय." त्यांनीच खांद्यावर घेऊन घरी नेलं, भाकरी घातली, आणि सकाळी टेम्पोत बसवून दिलं. भडंग? तो तसाच परत आला होता. नियम म्हणजे नियम.

आम्ही सगळे हसलो. सून हसली नाही. ती म्हणाली, "आबा, कुठं जातोय एवढं सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं?"

व्याह्यांनी चहा बशीत ओतला. "तुझी आई हुती तवा तिनं कधी विचारलंय? मीच सांगायचो तिला, सकाळी च्या पिताना. कुठल्या गाडीनं, कुठल्या वाटंनं, कवा परत." आणि बशी तोंडाला लावण्याआधी म्हणाले, "तवा एकच पिशवी असायची."

मी उठून त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हटलं, "पावणं, इथून पुढं निघायच्या दिवशी चहा आमच्याकडं घ्यायचा. मी काही विचारणार नाही."

तेव्हापासून येतात. कसबा बावड्याहून उलटी बस धरून शाहूपुरीत येतात, चहा पितात आणि न विचारता सगळं सांगतात. तिसरी पिशवी सुटलीय, दुसरी काही सुटत नाही. घोटा पहिल्यासारखा राहिला नाही, त्यामुळं घाट बंद झाला. आता नदीकाठच्या बाभळीपर्यंत जातात, पण सांगतात असं, की हिमालयाला निघालेत. मीही मान डोलावून ऐकते. कधी वाटतं, पुन्हा एकदा लांबचं नाव घ्यावं त्यांनी, आणि मी इथं दिवेलागणीपर्यंत जीव मुठीत धरून बसावं. पण वय कुणाला चुकलंय?

तुम्ही लवकर या एकदा, सवडीनं, मुक्कामाला. भडंग आहेच. व्याही नसले तर थोडं थांबा. कुठं गेलेत आणि कधी येणार, ते आता मला माहीत असतं.