खाणीच्या तळ्यावरची शिट्टी

तळ्याभोवती फिरायला येणाऱ्यांपैकी कुणालाच तिचं खरं नाव माहीत नव्हतं. सगळे तिला शिट्टीकाकू म्हणायचे आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. बुटकी, काटक बाई. गळ्यात जाड दोरीला पितळी शिट्टी, पायात मुलाचे जुने बूट. कठड्यावर चढून कुणी पाण्यात वाकलं की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

पोरं चिडवायची. दुरून ओरडायची, "काकू, ऑफसाइड!" ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही. पोरं कठड्यावरून खाली उतरेपर्यंत नुसती त्यांच्याकडे बघत राहायची. फाटकावरचा रखवालदार म्हणायचा, "मला इथे ठेवलंय कशाला, शोभेला? तुम्ही आहात की."

आज तिथे निळंहिरवं पाणी आहे, काठाने झाडं आहेत, बाकं आहेत, पक्ष्यांची चित्रं असलेल्या पाट्या आहेत. पण ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे दगडाची खाण होती. तिचा नवरा सुरुंगाच्या टोळीत होता. सुरुंग उडवायच्या आधी लांब शिट्टी द्यायची, हे त्याचं काम. शिट्टी वाजली की सगळे हातातलं टाकून पत्र्याच्या शेडमागे पळायचे. ती क्रशरच्या पट्ट्यावर होती. पट्ट्यावरून खडी सरकत यायची, त्यातली मातीची ढेकळं आणि मुळ्या हाताने वेचून बाजूला फेकायच्या. तोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी धूळ घशात जायचीच. त्या धुळीने तिचा आवाज बसला तो कायमचा. समोरच्या खोलीत हाक मारायची तरी तिला टाळी वाजवावी लागे.

खालचा दगड संपत आला, वस्ती जवळ सरकली आणि खाण बंद झाली. पाणी उपसणारे पंप काढून नेले. मग खालून झरे आणि वरून पाऊस, दोन्हींनी खड्डा भरत गेला. जिथे डंपर वळायचे तिथे बदकं पोहायला लागली.

तिचा धाकटा भाऊ त्याच खाणीत डंपर चालवायचा. काम गेल्यावर तो बहिणीकडेच राहायला होता. एका उकाड्याच्या दुपारी तो तिला म्हणाला, "ताई, चल, तुला तळं दाखवतो." तेव्हा तिथे ना कठडा होता ना पाटी. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत सगळे जिथे बसायचे त्या कड्यावर तो उभा राहिला, शर्ट काढून तिच्या हातात दिला.

"अरे, खोल असेल," ती म्हणाली.

"इतकी वर्षं गाडी फिरवली इथे. तळ पाठ आहे मला."

खोली त्याने बरोबर ओळखली होती. पण खाण खणताना कड्याला जिन्यासारखे टप्पे ठेवतात, त्यातला एक टप्पा पाण्याखाली जरासाच बुडालेला होता, त्याचा त्याला विसर पडला. पाणी उडालं, वर्तुळं काठाला येऊन लागली आणि विरून गेली. ती शर्ट धरून उभी होती. हाका मारत होती, पण तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू येत नव्हता.

पुढे तळ्याभोवती वाट बांधली, लोक फिरायला येऊ लागले. ती रोज सकाळी तिकडे जायला लागली तेव्हा नवऱ्याने अडवलं नाही. तो तेव्हा छातीच्या दुखण्याने घरीच असायचा. एके दिवशी त्यानेच खिळ्यावरची शिट्टी काढून तिच्या हातात दिली. "ही घेऊन जा. तुझा आवाज कुठवर पोचणार?" काही महिन्यांनी तो गेला. तिचं फिरणं चालू राहिलं.

ही झाली तिची मागची हकीकत. आता सांगायचं ते त्या ढगाळ सकाळचं.

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला वाट वळते आणि कडा सरळ उभा आहे. ती वळणावर आली तर एक माणूस कठड्याच्या बाहेर. पन्नाशीचा, अंगात पावसाळी जाकीट. उकिडवा बसून तो खाली वाकला होता, इतका की मानेच्या वरचं काही दिसत नव्हतं. मध्ये बरंच अंतर होतं. तिने शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकली.

माणूस दचकला. त्याने मान वळवली, अर्धवट उठला, पायाखालची बारीक खडी सरकली आणि तो दिसेनासा झाला.

पाणी उडाल्याचा आवाज आला नाही. काहीतरी दगडावर आपटल्याचा आला.

ती धावत गेली, कठड्याच्या गजांखालून पोटावर सरकत पुढे झाली. तो खालच्या कोरड्या टप्प्यावर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. पण हाताची बोटं हलत होती. मग ती शिट्टी वाजवत सुटली. रखवालदार येईपर्यंत, दोरखंड आणि स्ट्रेचर घेऊन माणसं येईपर्यंत ती थांबली नाही. त्याला वर काढलं तेव्हा कुणीतरी तिच्या तोंडातून शिट्टी हलकेच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो वर्तमानपत्रात आला. रखवालदाराने सगळ्यांना सांगितलं होतं, "काकूंची शिट्टी ऐकली म्हणून धावलो, नाहीतर तो बिचारा दिवसभर तिथेच पडून राहिला असता." त्यात खोटं काहीच नव्हतं. उद्यानाच्या अधीक्षकांनी सत्कार ठरवला. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. त्याने कामाच्या ठिकाणी सगळ्यांना बातमी दाखवली. सुनेने सासूचे ठेवणीतले कपडे काढून इस्त्री करून ठेवले.

ती मात्र जेवेना. ताटावर बसायची आणि घास चिवडत राहायची. शेवटी मुलाने विचारलं, "आई, झालंय काय तुला? लोक कौतुक करताहेत आणि तू सुतकी चेहरा करून बसलीस."

"तो आधी पडला नाही रे. आधी शिट्टी वाजली, मग तो पडला."

मुलाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तो कठड्याबाहेर गेला होता. चूक त्याची आहे."

"चूक कुणाची ते मी विचारतच नाहीये."

"मग झालं तर. तुला माहीत आहे ना? असू दे. गावभर सांगत कशाला सुटायचं?"

सून ताटं उचलता उचलता थांबली होती. रात्रीपुरते टांगून ठेवलेले ते इस्त्रीचे कपडे तिने उचलून कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाते म्हणून शिट्टीकाकू निघाली आणि थेट हॉस्पिटलात गेली. तो माणूस एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करायचा. रांगेतल्या खिडकीकडच्या खाटेवर होता. पाय वजन लावून टांगलेला, कमरेला पट्टा. बायको शेजारी सफरचंद सोलत होती. तिने फोटोवरून लगेच ओळखलं. सुरी बाजूला ठेवून ती उठली, हिला स्टुलावर बसवलं आणि हिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"तुम्ही देवासारख्या होतात हो तिथे. नाहीतर यांचं काय झालं असतं, मला कल्पनासुद्धा करवत नाही."

खाटेवरचा माणूस कष्टाने हसला. "मला फारसं आठवत नाही. शिट्टी ऐकू आली, एवढंच. म्हटलं, चला, कुणीतरी आहे."

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्याला आठवत नव्हतं आणि दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या हातांवर त्या बाईचे हात होते, सफरचंदाच्या रसाने चिकट झालेले.

"ती शिट्टी तुम्ही पडायच्या आधीची," ती म्हणाली. आवाज इतका खोल गेला होता की तिला पुन्हा सांगावं लागलं. "तुम्ही पडायच्या आधी मी वाजवली. तुम्ही दचकलात. म्हणून पाय घसरला."

बायको म्हणाली, "म्हणजे?"

"मला वाटलं, हे उडी मारताहेत."

"उडी? हे कशाला उडी मारतील? घरटं बघत होते हो ते. कड्याच्या कपारीत ससाण्याची पिल्लं आहेत. रोज घरी येऊन मला सांगायचे, आज पिल्लांनी काय केलं, काय नाही."

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं." बायकोने हात सोडले.

खाटेवरून तो म्हणाला, "अगं, मी कठड्याबाहेर होतो. पाटी वाचूनच गेलो होतो."

"तुम्ही गप्प बसा." मग हिच्याकडे न बघता ती म्हणाली, "यांचं अजून एक ऑपरेशन व्हायचंय. नीट चालता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तुम्ही जा आता. जा."

ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्याने काहीतरी म्हटलं, पण काय ते तिला कळलं नाही, आणि परत जाऊन विचारायचं धाडस झालं नाही.

तिथून ती अधीक्षकांकडे गेली आणि त्यांनाही सांगितलं. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "कार्यक्रम सध्या पुढे ढकलू या." तो कायमचाच पुढे गेला. त्याऐवजी फाटकावर एक नवा नियम लागला की कर्मचाऱ्यांखेरीज कुणी शिट्टी वाजवू नये. रखवालदाराने हे तिला सांगितलं ते तिच्या बुटांकडे बघत. तिने दोरी गळ्यातून काढली आणि त्याच्याच टेबलावर ठेवली.

मुलगा बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. फिरायला येणाऱ्यांमध्ये कुजबुज पसरली. कुणी म्हणालं, बाईने खरं सांगितलं, एवढं कोण करतं? कुणी म्हणालं, याच बाईने धडधाकट माणूस पाडला. दोन्ही बोलणी तिच्या कानावर आली आणि दोन्ही तिला सारखीच बोचली. तिने तळ्यावर जाणं सोडलं. घरात फरशी पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. सून एकदा म्हणाली, "आई, फरशी झिजेल हो," आणि दोघी कशाबशा हसल्या.

उन्हाळा आला तशी ती बेचैन झाली. पोरं याच दिवसांत कड्यावर जमतात, हे तिला ठाऊक होतं. एका सकाळी तिने बूट चढवले. सुनेने विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली हातात दिली.

कड्यावर चार-पाच कॉलेजची मुलं होती, कपडे काढून तयार. पूर्वी तिने वळणावरूनच शिट्टी मारली असती. आता चालत जाणंच भाग होतं. चढावर तिला धाप लागली. धावायचीही भीती वाटत होती. आपल्या पावलांनी कुणी दचकलं तर? ती अगदी समोरून, त्यांना दिसेल अशी गेली.

"काकू! शिट्टी कुठंय?"

"खाली टप्पा आहे," ती म्हणाली.

"कुठे? नुसतं पाणीच तर दिसतंय."

"दिसत नाही, म्हणून तर सांगतेय. माझा भाऊ त्याच्यावरच गेला. इथूनच."

इतक्या वर्षांत तळ्यावर तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलांनी खाली पाण्याकडे पाहिलं. एकाने टॉवेल खांद्यावर घेतला. दोघं-तिघं कठड्याच्या आत आले. पण एक उंच मुलगा म्हणाला, "काकू, मी त्या बाजूने मारतो, तिकडे मोकळं आहे," आणि ती हात पुढे करेपर्यंत त्याने उडी घेतलीसुद्धा. तो हसत वर आला, केस झटकले, काठाकडे पोहू लागला. ती जागच्या जागी खाली बसली. बाटलीचं झाकण तिला उघडता येईना. टॉवेलवाल्या मुलाने ते उघडून दिलं आणि म्हणाला, "तो तसाच आहे हो. आमचंसुद्धा ऐकत नाही."

त्यानंतर ती रोज जाते. कुणी ऐकतं, कुणी नाही.

थंडीच्या सुरुवातीला तिने त्या नवराबायकोला फाटकातून आत येताना पाहिलं. त्याच्या हातात कुबडी होती आणि एक पाय ओढत तो चालत होता. ती झाडामागे सरकली. तो थांबला, त्याने हात वर केला. बायकोने पाहिलं आणि मान फिरवली. असं बऱ्याच वेळा झालं. तो हात करायचा, बायको मान फिरवायची, आणि ही दोघींच्यात अंतर राहील अशा बेताने चालायची.

मग एका सकाळी पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर ती दोघं अडकलेली दिसली. दव पडून वाट निसरडी झाली होती. त्याची कुबडी एकदा घसरली, बायकोने त्याला दंडाला धरून सावरलं आणि वळून पाहिलं. मागे शिट्टीकाकूखेरीज कुणीच नव्हतं.

"यांना हा उतार झेपत नाही," बायको म्हणाली. आवाज कोरडाच होता. "पाण्यापर्यंत जायला दुसरी वाट आहे का?"

"आहे. बोटीच्या धक्क्याकडून. सपाट आहे, पण बराच वळसा पडतो."

"पडू दे."

शिट्टीकाकू वाट दाखवत पुढे झाली. चालताना तो काहीतरी पक्ष्यांबद्दल बोलत होता, मध्येच दम खायला थांबत होता. त्याची बायको त्याचा दंड धरून चालत होती. धक्क्यापाशी पोचल्यावर तिने नवऱ्याला बाकावर बसवलं, कुबडी भिंतीला टेकवली आणि पिशवीतून थर्मास काढला. पेले दोनच होते. एकात तिने नवऱ्याला चहा दिला. दुसरा पेला भरला, थोडा वेळ नुसताच हातात धरला आणि मग शिट्टीकाकूपुढे केला.