उसळ मी केली होती

"अगं, हे कशाला आणलंस? तुला प्लेट्स आणि पाणी सांगितलं होतं ना?"

काकू हसत हसत म्हणाल्या. व्हॅनची डिकी उघडी होती. पाण्याच्या क्रेट्समध्ये खोचून ठेवलेलं पाटवडी रश्श्याचं पातेलं मी दोन्ही हातांनी उचलत होते. हर्नडनच्या गेस्टहाउसपासून या पिकनिकच्या जागेपर्यंत प्रत्येक वळणावर माझा जीव त्या पातेल्यात होता. वर फॉइल, फॉइलवर झाकण, झाकणावर टॉवेल बांधलेला. एक थेंब सांडला नव्हता.

"राहू दे तिथेच. टेबलावर जागा नाहीये."

टेबल अर्धं रिकामं होतं. मी टेबलाकडे बघितलं, काकूंनीही बघितलं. मग म्हणाल्या, "प्लेट्स तेवढ्या दे इकडे." प्लेट्सवर दुकानाचं प्लॅस्टिक तसंच होतं. त्या त्यांनी घेतल्या. पातेलं मी परत डिकीत ठेवलं.

हो, ठेवलं. मुकाट्याने. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मला शूर वगैरे समजायला नको.

काका-काकू म्हणजे माझे कोणी नातेवाईक नव्हेत. काका माझ्या कंपनीचे मालक. तरुणपणी इंजिनीअर म्हणून अमेरिकेत आले, नोकरी केली, मग स्वतःची कन्सल्टिंग कंपनी काढली. पुण्या-मुंबई-नागपूरहून माणसं आणायची आणि इथल्या मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात कामाला लावायची, हा धंदा. आमचा व्हिसा त्यांच्या कंपनीच्या नावावर. आम्ही राहतो ते गेस्टहाउस त्यांचं. एअरपोर्टवर घ्यायला ते स्वतः येतात. माझ्या वेळीही आले होते, हातात माझ्यासाठी जाडजूड जॅकेट घेऊन. म्हणाले, "मला सर म्हणायचं नाही. आपण इथे फॅमिली आहोत." बाहेर बर्फ पडत होतं, या देशात मी एका माणसाला ओळखत नव्हते. अशा वेळी कोण म्हणेल, नको मला तुमची फॅमिली?

इंटरव्ह्यूत त्यांनी कामाचं सगळं विचारून झाल्यावर विचारलं होतं, "नागपूर म्हणजे कुठे? धरमपेठ की कुठे?" मी म्हटलं, "इंदोरा." ते म्हणाले, "अच्छा." नागपूर माहीत असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पुढे एकदा काकू गेस्टहाउस बघायला आल्या, माझ्या टेबलावरचा निळ्या सुटातला फोटो बघितला आणि खोलीत न येता दारातूनच म्हणाल्या, "छान ठेवली आहेस हो खोली."

त्यांच्याकडे सणावाराला पॉटलक असतो. पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. कोणी काय आणायचं ते काकू ग्रुपवर टाकतात. मला पहिल्यापासून एकच: पाणी आणि प्लेट्स. कधी बर्फ. गणपतीला पाणी, दिवाळीला प्लेट्स, संक्रांतीला नॅपकिन्स. मी स्वतःला समजावायची, एकटी मुलगी, ऑफिसातून दमून येते, म्हणून सोपं काम देतात. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याला मर्यादा नाही. दुकानातून आणलेलं, सीलबंद, माझा हात न लागलेलं, एवढंच माझ्याकडून चालत होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

आणि करणार काय? नोकरी गेली की हातात दोन महिने. तेवढ्यात दुसरी कंपनी सापडली नाही की सामान बांधायचं. ग्रीन कार्डची फाइल कंपनीने सुरू करायची असते, आणि काका आल्यापासून म्हणत होते, "पुढच्या महिन्यात करू." इंदोऱ्यात माझ्या आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. दर रविवारी फोनवर विचारायची, "काका कसे आहेत गं तुझे? देवमाणूस आहे." मी म्हणायची, "हो."

मग मुग्धा आली. पुण्याची, हुशार, गोड मुलगी. माझ्याच गेस्टहाउसमध्ये, माझ्या शेजारच्या खोलीत. एक किचन, एक शेगडी, एकच कुकर, तोही माझा. महिना झाला नव्हता आणि पिकनिकच्या मेसेजमध्ये काकूंनी टाकलं: मुग्धा, मटार उसळ. त्याच्या खाली मी: प्लेट्स, पाणी.

त्या दोन ओळी मी कितीतरी वेळ बघत बसले. एकटी तीही होती. ऑफिसातून दमून तीही येत होती. आता स्वतःला सांगायला काही उरलं नव्हतं.

गंमत अशी की मुग्धाला मॅगीपलीकडे काही येत नव्हतं. आदल्या संध्याकाळी माझ्या दारात उभी. "ताई, यार, प्लीज वाचव. मला फोडणीसुद्धा जमत नाही." मी हिरवं वाटण केलं, ओलं खोबरं, कोथिंबीर, आलं, मिरची. उसळ केली. ती ओट्याला टेकून फोनवर रील्स बघत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "काय वास सुटलाय!" तिचं झाल्यावर मी माझ्यासाठी पाटवडी थापायला घेतली. मुद्दाम पाटवडी, मुद्दाम बिनकांद्या-लसणीची. म्हणजे कोणाला कसलं निमित्त नको.

ते निमित्तही त्यांना लागलं नाही. टेबलावर जागा नव्हती.

जेवायला वेळ होता म्हणून काकांनी सगळ्यांना शेजारच्या किल्ल्यात नेलं. ही त्यांची दर वर्षीची पद्धत. नव्या बॅचला जेम्स नदीकाठी इंग्रजांची पहिली वसाहत दाखवायची. आता तिथे नमुना उभा केलाय. लाकडी ओंडके उभे पुरून केलेलं उंच कुंपण, आत गवताने शाकारलेली घरं, कोठार, चर्च. काका दरवाजात उभे राहून म्हणाले, "तीन बोटी आणि शंभर माणसं. बघा, त्यातून केवढा देश झाला! आपणही पायोनियर्सच आहोत." मी हे तिसऱ्यांदा ऐकत होते. नवी मुलं फोटो काढत होती.

त्या काळचा झगा आणि टोपी घातलेली एक गोरी गाइड माहिती देत होती. काकांनी गाळलेलं ती सांगत होती. म्हणाली, आलेल्यांत बरेचसे जंटलमन होते, हाताने काम करायची सवय नसलेले. पहिले हिवाळे उपाशी काढले, चामडं उकळून खाल्लं. आजूबाजूच्या मूळ लोकांनी मका दिला म्हणून काही जगले. कधी त्यांनी दिला, कधी यांनी लुटून आणला. मग तंबाखूचं पीक लागलं, वसाहत वाढली, आणि मका देणारे लोक नदीच्या वर वर ढकलले गेले. मका मात्र ठेवून घेतला.

मी विचारलं, "ते लोक या कुंपणाच्या आत यायचे का?"

"देवाणघेवाणीपुरते," ती म्हणाली.

पुढे तिने सांगितलं, तंबाखूला हात लागायचे. म्हणून कायदा केला. जो स्वखर्चाने माणूस बोटीतून आणेल, त्याला माणसामागे पन्नास एकर जमीन. आलेल्या माणसाने करारावर सही करायची आणि चार-सात वर्षं त्या धन्याची चाकरी करायची. सोडून पळाला तर मुदत वाढायची. लग्नसुद्धा धन्याला विचारून.

"तेव्हाही स्पॉन्सर लागायचा, बघा!" काका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मी मनातल्या मनात व्हॅनमधून उतरलेली माणसं मोजायला लागले होते. आम्हा प्रत्येकामागे काकांना काय मिळतं, हा विचार इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ आला. पुढे गाइड आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांबद्दल बोलली. त्यांना करारही नव्हता, मुदतही नव्हती. त्यांच्याशी मी माझी बरोबरी करणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. मी विमानाने आले, माझ्या मर्जीने आले, आणि ज्यांची ही जमीन होती त्यांच्या जमिनीवर मीही भाडं भरून राहते. पण ते कुंपण मला ओळखता आलं. आत घेऊनही बाहेर ठेवणारं.

जेवायला बसलो. मी प्लेट्स वाटल्या, पाणी वाटलं. उसळ सगळ्यांत आधी संपायला आली. काकूंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"मुग्धा, हाताला चव आहे हो तुझ्या! आईकडून शिकलीस ना? कळतंच. घरातले संस्कार असतात ते."

मुग्धा लाल झाली. तिने माझ्याकडे बघितलं. मग प्लेटकडे बघितलं. म्हणाली, "थँक यू, काकू."

त्या दोन शब्दांनी माझ्यातलं काहीतरी तुटलं. काकूंचं मला नवीन नव्हतं. पण ज्या हाताने मी वाटण केलं तो हात या पोरीने माझ्यासमोर स्वतःचा म्हणून सांगितला, आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते.

"उसळ मी केली आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?" काकू.

"म्हणजे वाटण मी केलं. फोडणी मी दिली. मीठ माझ्या हाताने पडलं. कुकरही माझा."

काकूंचा घास हातात होता. तो त्यांनी प्लेटमध्ये ठेवला, उठल्या, सावकाश चालत गेल्या आणि प्लेट कचऱ्याच्या डब्यात टाकली. परत येऊन म्हणाल्या, "पोट भरलं बाई." आत्ताच दुसऱ्यांदा वाढून घेतली होती त्यांनी. हे टेबलावरच्या प्रत्येकाने बघितलं होतं.

मी डिकीतून पातेलं आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. झाकण काढलं. रश्श्यावर लालभडक तवंग होता. एका कलीगची छोटी मुलगी म्हणाली, "मम्मा, कॅन आय हॅव दॅट?" तिची आई म्हणाली, "नो बेटा, इट्स स्पायसी." मुलगी म्हणाली, "बट आय लाइक स्पायसी." आईने तिला हाताला धरून झोपाळ्याकडे नेलं.

मी एक प्लेट घेतली, वाढून घेतलं आणि खाल्लं. उभ्यानेच. चांगला झाला होता रस्सा.

मग काकांनी मला किल्ल्याच्या कुंपणाजवळ बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, हे बरं नाही दिसलं. ती जुन्या पिढीची आहे, तिच्या सवयी आहेत. जातबीत काही नाही त्यात, तूच मनात घेऊन बसतेस. तुझी फाइल मी पुढच्या महिन्यात करणारच होतो. काकूंना सॉरी म्हण, विषय संपला."

"फाइलचा आणि उसळीचा काय संबंध?"

"मी असं कुठे म्हटलं? पण फॅमिलीत वातावरण चांगलं राहायला हवं."

मी त्यांचा हात खांद्यावरून बाजूला केला. म्हटलं, "तुम्ही माझे काका नाही. मालक आहात. मालक म्हणून बोला, म्हणजे मला कामगार म्हणून उत्तर देता येईल. मी सॉरी म्हणणार नाही."

ते घड्याळ बघून म्हणाले, "चला, निघायला हवं. ट्रॅफिक लागेल."

गेस्टहाउसवर आल्यावर मुग्धा किचनच्या दारात उभी राहिली. डोळे भरून आले होते. "ताई, सगळ्यांसमोर सांगायची गरज होती का? मला किती ऑकवर्ड झालं." मला वाटलं होतं ती माफी मागायला आली आहे. मी माझा कुकर घासून माझ्या खोलीत नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मला प्रोजेक्टवरून काढलं. कारण कोणी दिलं नाही. आमच्यात याला बेंचवर बसवणं म्हणतात, आणि बेंचवरून पुढे नोकरीच जाते हे सगळ्यांना माहीत असतं. खोली सोडायलाही सांगितलं, नवी बॅच येते आहे म्हणून. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आता एका अनोळखी बाईच्या बेसमेंटमध्ये राहते. खिडकी जमिनीच्या पातळीला आहे, लोकांचे फक्त बूट दिसतात. वाटतं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? रोज वाटतं. खोटं कशाला सांगू?

ज्या मोठ्या कंपनीत मी काम करायची तिच्या एचआरकडे गेले. बाई सभ्य होती. सगळं ऐकून म्हणाली, "बट यू आर ऑल इंडियन, राइट? इज धिस अ फॅमिली मॅटर?"

मी म्हटलं, "जेम्स नदीकाठच्या त्या किल्ल्यातले धनी आणि नोकर, दोन्ही इंग्रजच होते."

ती पेन उचलून म्हणाली, "पहिल्यापासून सांग." मी सांगितलं. प्लेट्सपासून सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "तुझा व्हिसा त्यांच्याकडे आहे. तुला नक्की ही तक्रार करायची आहे?"

परवा मी वकिलाकडेही गेले. वकीलही तेच विचारत होते. म्हणाले, तुझे मालक म्हणतील तुझं काम वाईट होतं. म्हणतील तू भांडखोर आहेस. केसला काही वर्षं लागतील, आणि तोवर तू या देशात असशील याची खात्री नाही.

खात्री नाहीच. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, पण या रविवारी सांगणार आहे, देवमाणसाचं सगळं. सामान बांधावं लागलं तर बांधेन. इंदोऱ्यातून फोनवर बोलेन, कॅमेऱ्यासमोर बसेन, वकील जिथे म्हणतील तिथे माझं पूर्ण नाव सांगेन, जात सांगेन आणि काय झालं ते सांगेन. वकील म्हणाले, साक्षीदार कोण आहे? मुग्धा साक्ष देणार नाही. टेबलावरचं कोणीच देणार नाही.

न देऊ देत. मी होते तिथे. साक्ष मी देईन.