गाळणीतली पिवळी चिंधी

एन्डोलाच्या चुनखडीच्या खाणीत बाशी लोम्बे, म्हणजे लोम्बेचे वडील, तीस वर्षं बुलडोझर दुरुस्त करत होते. तेल बोटांवर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि रोग सांगायचे. सुट्या भागांचं कोठार माझ्याकडे. त्यांचं निदान चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी चालक चिपिलीचा बुलडोझर चढावर अचानक ओढेनासा झाला, मागे घसरला आणि चरात आदळला. चिपिलीने उडी टाकली, पण मांडीचं हाड मोडलंच. त्याला दवाखान्यात नेण्याआधीच फोरमन सिंगोगोने निकाल दिला, "क्लच अर्धा दाबून चालवतो, प्लेटा जाळल्या! बरा झाला तरी इथे पाऊल टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बाशी लोम्बेंनी यंत्र चालू केलं. मंद गतीत तेलाच्या दाबाचा काटा जागेवर होता. वेग वाढवताच पंप किंचाळला आणि काटा थरथरत खाली आला.

"प्लेटा जळल्यात हे खरं," ते म्हणाले. "पण हा क्लच तेलात भिजून थंड राहतो. तेलच पोचत नाहीये. पंपाच्या घशात काहीतरी अडकलंय."

तेल उपसून त्यांनी गाळणी काढली. जाळीला चिंधी चिकटलेली. पिवळी, मासे छापलेली.

त्यांनी ती सोडवून तळहातावर पसरली. त्यांची बायको आपलं जुनं चितेंगे, कमरेला गुंडाळायचं छापील कापड, फाडून त्यांना हात पुसायला देत असे. हे त्याचंच फडकं होतं, आणि दहा दिवसांपूर्वी तेल बदललं होतं त्यांनीच.

"टाका ते भट्टीत," मी पुटपुटलो. "कोण बघतंय?"

"तू बघितलंस ना."

चिंधी घेऊन ते थेट सिंगोगोच्या टेबलाशी गेले आणि चूक आपली असल्याचं सांगितलं. तो हसला, "कोणाला वाचवताय? जावई आहे का तुमचा?"

"माझ्या बायकोला विचारा, हे कापड कोणाचं ते."

सिंगोगोचं हसू विरलं. त्याने चिंधीला हातही लावला नाही.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. बाशी लोम्बेंनी सगळं सांगितलं. "तुम्ही?" चिपिली एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

चार महिन्यांनी तो लंगडत कामावर आला. तोवर बाशी लोम्बेंनी काम सोडलं होतं; जाताना आपली हत्यारं माझ्याकडे आणली होती. मी घेईना, तेव्हा दारातच ठेवून ते निघून गेले.