जाळरेषेवरच्या पहाऱ्याची वाटणी

एप्रिलमधला सोमवार, साल एकोणीसशे चाळीसच्या थोडं अलीकडचं. जागा: नवापूरच्या सरहद्दीवरचं राखीव रान. हजर: मुलगे आठ, मुली चार, सगळी सोळा ते वीस वयाची. पाणी आणणारी बाई एक. नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, एक. तो त्या दिवशी विसरवाडीहून उशिरा आला. आणि मी. मराठी चौथी पास, म्हणून हजेरी लिहिणं माझ्याकडे.

उन्हाळ्याचे दोन महिने जंगलखातं आम्हा पोरांना रोजावर घ्यायचं. आधी जाळरेषा साफ करायची, म्हणजे रानातून बैलगाडी जाईल एवढा पट्टा गवत-पाला काढून उघडा ठेवायचा. वणवा आला तर तो तिथे थांबावा. मग त्याच पट्ट्यावर जोडीजोडीने पहारा. रेषेच्या पलीकडे सागाची कोवळी रोपं होती. आदल्या पावसाळ्यात ती आमच्यातल्याच काहींनी लावली होती.

याच दिवसांत मोह गळतो. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांची ठरलेली असतात. रान सरकारचं असलं तरी झाड कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून झाडाखालचा पाला झाडून, भोवती जमीन मोकळी करून पेटवतात. राखीव रानात याला बंदी होती. पण पहाटे, दवात, हातात ओली फांदी घेऊन कुणी पेटवलं तर नाकेदार तिकडे पाठ करून विडी ओढायचा.

आदल्या आठवड्यात मी पहाऱ्याची यादी केली आणि वर एक नियम लिहिला: कुणीही आपल्या घरच्या मोहाजवळ पहारा करायचा नाही. नाहीतर पहारा सोडून फुलं वेचत बसतील. नाकेदाराने मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

एका मुलाने मात्र मला बाजूला घेतलं. त्याची आजी एकटीच घरी असायची. गाव तिला डोसी म्हणायचं.

"मला आमच्या मोहाकडेच ठेव ना. डोसीला वाकून झाडता येत नाही."

"म्हणजे तू तिथे फुलं वेचणार."

"उजाडायच्या आत झाडून, जाळून मोकळा होतो. तू स्वतः येऊन बघ."

"सगळ्यांना एकच नियम."

मागून एक मुलगी म्हणाली, "राहू दे रे. ह्याच्या कागदावरच्या झाडांचा पालाच गळत नाही."

सगळे हसले. मी त्याला दुसऱ्या टेकडीवर पाठवलं.

सोमवारी ऊन चांगलं वर आल्यावर डोसीच्या मोहाकडून धूर दिसला. तिथल्या पहाऱ्यावरच्या मुलीला तो रोजचा धूर वाटला. मग वारा सुटला आणि धूर आडवा झाला. आम्ही पळसाच्या फांद्या तोडत धावलो. त्यांनी आग झोडपत राहिलो. ज्वाळा एका जागी रेषा ओलांडून सागात शिरली, रोपांच्या चार ओळी गेल्या, मग पाणीवाल्या बाईने मडकी रिकामी केली आणि आग कशीबशी विझली.

मी डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, अकरा. तिसऱ्यांदा नावं घेऊन मोजली. डोसीचा नातू नव्हता. बऱ्याच वेळाने तो डोसीला पाठीवर घेऊन आला. तिला काही झालं नव्हतं. वाकता येईना म्हणून तिने उभ्याउभ्याच काठीने पाला ढकलला होता, मोकळी जमीन अर्धीच झाली होती, आणि ते करेपर्यंत दव सुकून गेलं होतं.

नाकेदार आला, ओळी मोजल्या, आणि रिपोर्टाचा कागद माझ्यापुढे धरला. तो मैदानातला, अहिराणी बोलायचा.

"आग कोनी लाई?"

"माझ्या यादीमुळे लागली," मी म्हणालो. "नातू तिथे असता तर..."

"यादीमुये आग लागत नही, भाऊ. हात कोना व्हता ते लिख."

"डोसीचं नाव लिहिलं तर काय होईल?"

"मोह जाई. पोऱ्याबी कामवरथून जाई." मग जरा हळू म्हणाला, "तुले लिखता येस म्हनीसन कागद तुन्हा हातमा शे. सकाय मी येस. रेंजरसाहेबले द्यानं शे."

त्या झाडाच्या फुलांवर डोसीचा पावसाळा निघायचा. वाळवून, भाजून, भाकरीत घालून. हे मला यादी करतानाही ठाऊक होतं.

सकाळी कागद घेऊन मी तिच्या मोहाखाली गेलो. कारणाच्या रकान्यात आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं: पहाऱ्याची वाटणी चुकली, वाटणी हजेरी लिहिणाऱ्याने केली. खाली सहीची जागा मोकळी होती. सही केली की माझं काम जाणार होतं, आणि पुढे मास्तरकीच्या अर्जाला रेंजरसाहेबांची शिफारस मिळायची होती, तीही.

डोसी काठीच्या आधाराने उभी होती. नातू राखेतून फुलं वेगळी करत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कसला कागद?" डोसीने विचारलं.

"कालच्या आगीचा."

"माझं नाव आहे?"

"नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "मग कुणाचं आहे?"

मी कागद दगडाखाली ठेवला आणि झाडू उचलला. थोडा वेळ झाडलं. खालच्या वाटेवर नाकेदाराचं खाकरणं ऐकू आलं. तो चढ चढत होता. मी झाडू ठेवला, खिशातून टाक काढला, दौतीचं बूच उघडलं. सही अजून व्हायची होती.