न पाहिलेल्या दीपलक्ष्मीची जाहिरात

गेल्या मंगळवारी भर दुपारी, कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावात, स्टेशनामागे एका ओतकामाच्या कारखान्यात, मी माझंच लिहिलेलं एक वाक्य पितळेत पाहिलं... अंगावरचा काटा अजून बसलेला नाही. या ईमेल-ग्रुपवरच्या मंडळींना हसायचं असेल तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

माझा धंदा थोडक्यात सांगतो. कॉलेज मध्येच सोडलं (लेक्चररशी भांडण, चूक त्यांची). कुंभकोणमला इंटरनेट येऊन फार दिवस झालेले नाहीत, तिथल्या सेल्वम अण्णांच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये मी बसतो आणि परदेशातल्या एका वेबसाइटवरच्या पितळी वस्तूंसाठी जाहिरातीची पानं लिहितो. पान वाचून कुणी लिंकवर क्लिक केलं आणि वस्तू घेतली, तर कमिशन आमचं.

या लिखाणात मी दोन गोष्टी शिकलो. हजारांसाठी लिहायचं नाही, एकाच माणसाला समोर बसवून लिहायचं. आणि मालातला एखादा बारीक दोष आपणहून सांगून टाकायचा... मग गिऱ्हाईक बाकी सगळं खरं मानतं.

माझ्यासमोर कायम यमुनाच असते. तिरुनीलक्कुडीची, आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातली. तिच्या मोठ्या भावाची कॉलर मी बाजारात धरली, त्यानंतर तिचं दर्शन नाही की निरोप नाही. मी तिला अजून हवा आहे का, एवढं कळलं असतं तर पुरे होतं... बाकी जगाचं काहीही होवो.

मागच्या महिन्यात एका दीपलक्ष्मीचं काम आलं. हातात पणती धरून उभी असलेली पितळी बाई, देवळात असते तशी. फोटो काही उघडेना. मॉडेम कुरकुरला, वरून केसांची एक पट्टी दिसली आणि लाइन तुटली.

"सगळ्या बायका सारख्याच दिसतात रे, लिही," अण्णा म्हणाले.

"हे वहिनींना सांगू का?"

"आधी लिही, मग सांग."

न पाहताच लिहिलं. मान किंचित डावीकडे, मागून कुणी हाक मारल्यासारखी. एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर. सगळी यमुनाच... फक्त दोष तेवढा मनाने घालावा लागला, कारण यमुनात मला तो सापडेना. हनुवटीखाली एक आडवी रेघ आहे, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही, असं लिहून टाकलं.

थोड्याच दिवसांत ती विकली गेली. कॅनडातल्या एका बाईंनी घेतली. मूर्ती निघाली आमच्याच भागातल्या कारखान्यातली, म्हणून पॅकिंगवर लक्ष ठेवायला अण्णांनी मला तिथे पाठवलं.

भट्टी बंद होती. पेंढ्याच्या ढिगात ती उभी होती, दाराकडे तोंड करून. मान डावीकडे, भुवई वर. दीपलक्ष्म्या अशाच असतात, मी स्वतःला समजावलं... मग वाकून हनुवटीखाली बोट फिरवलं. रेघ होती.

तेवढ्यात बाहेरून तंजावरची गाडी गेली. जमीन थरथरली आणि ती मान वळल्यासारखी वाटली. चटका बसल्यासारखं मी बोट मागे घेतलं... पितळ थंडगार होतं.

मूर्ती घडवणारे म्हातारे स्थपती पेटीच्या फळ्या जुळवत होते. ओतताना चीर पडली का, मी विचारलं.

"माझ्या कामात चीर पडत नाही, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते म्हणाले. "ती त्या मुलीचीच आहे. तिरुनीलक्कुडीची, तुमच्याच भाषेची. मावशीबरोबर येऊन समोर बसायची, मी मेणात चेहरा घडवायचो. मधेच पायरीवरून पडली, हनुवटीखालचे टाके ओले असतानाच पुन्हा येऊन बसली. म्हटलं, ही खूण गाळतो. तर म्हणाली, गाळू नका, देवाने ओळखायला नको का."

इकडे मनातल्या माणसाशी लग्न व्हावं म्हणून मुली नवस बोलतात, स्वतःच्याच रूपाची दीपलक्ष्मी देवळाला द्यायचा. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारलं, नवस कुणासाठी?

"कॉलेज सोडलेल्या कुण्या रागीट पोरासाठी. ओळखतोस का त्याला?" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी सांगितलं, पुढे तिचा भाऊ आला होता. तिचं दुसरीकडे बघतोय, हे वितळवून टाका म्हणाला. स्थपती ऐकेनात. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरतात, आणि डोळे उघडलेली मूर्ती पुन्हा भट्टीत घालत नाहीत. म्हणून ती विकायला ठेवली... आणि फिरत फिरत माझ्यापुढे आली.

तिला मी हवा होतो, हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिच्या टाक्यांचं मला कुणीच सांगितलेलं नव्हतं... मग ती रेघ माझ्या हातून आली कुठून?

मी पेटीवर बसून घेतलं. म्हटलं, ही जाणार नाही.

"बस," स्थपती म्हणाले. "खिळे वर आलेत, बघून बस."

अण्णांना फोन केला. ऑर्डर मोडलीस तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी ऐकवलं. नाही येत म्हटलं, पण आधी एक मेल पाठवू द्या. संध्याकाळी कॅनडाच्या बाईंना जे घडलं तेवढंच कळवलं, आणि कृपा करून घेऊ नका, असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

काल उत्तर आलं. 'फोटोत ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे कुणी उभं असावं, तशी बघत होती. दोनदा मागे वळून पाहिलं मी. तिला तिथेच राहू द्या.'

ती आता कारखान्यातच आहे, हातातली पणती न पेटवलेली. अण्णा बोलत नाहीत, चालेल. त्या म्हाताऱ्यांचे आणि त्या बाईंचे उपकार मात्र पुढे काहीही झालं तरी विसरणार नाही.

उद्या सकाळच्या बसने तिरुनीलक्कुडीला जातोय, यमुनाच्या वडलांना भेटायला. भाऊ काय वाटेल ते बोलला तरी हात उचलायचा नाही, हे ठरलंय. परक्यांना पटवायला इतकं लिहिलं... उद्यासाठी मात्र एकही वाक्य तयार केलेलं नाही.